निळ्या दगडाचं नाव

वाघोलीच्या दगडखाणींतल्या कॅव्हनसाइटवर जगभरचे खनिजसंग्राहक जीव टाकतात. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट या शब्दांचे तुकडे जोडून १९७३ साली त्याला हे नाव दिलं गेलं, तेही अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडलेल्या नमुन्यांवरून. ओळखायला फार विद्या लागत नाही. काळ्या बेसाल्टमधली पोकळी, तिच्यात पांढरट स्टिल्बाइट आणि त्यावर मोरपिसासारखे निळे, गोल झुबके. अडचण त्याच्या भावंडाची, पेंटॅगोनाइटची. रासायनिक सूत्र तेच, आतली रचना वेगळी. पेंटॅगोनाइटचे स्फटिक सहसा जास्त लांबट, पात्यांसारखे असतात. भिंगातून अंदाज येतो, पक्कं मात्र प्रयोगशाळेतच ठरतं.

एका खाणीवर एका काकांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला असा तुकडा माझ्यापुढे धरला. मी पाच सेकंदांत ओळखला. त्यांनी विचारलं, "काही खास आहे का?" मी म्हणालो, "रंग छान आहे." दोनशे रुपये दिले. बॅगेत टाकला आणि निघालो.

मी खोटं बोललो नव्हतो. रंग छानच होता.

सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वी नेमकं हेच विचारून ठेवलंय: कुणी सोनं पितळ समजून विकत असेल, तर भल्या माणसाने त्याला सांगावं, की पितळेच्या भावात गुपचूप घ्यावं? परतीच्या बसमध्ये माझ्याकडे उत्तरं तयार होती. मी पुस्तकं वाचली, भिंग घेतलं, उन्हात वणवण केली. ही माझ्या ज्ञानाची मजुरी. शिवाय मी नसतो तर त्या तुकड्याची क्रशरमध्ये खडीच झाली असती. (खाणीतला दगड मुळात कायद्याने कुणाचा, हा वेगळाच लेख होईल.)

हे दुसरं उत्तर मला बरेच दिवस पुरलं. मग ते वर्तमानपत्र आठवलं. सुरुंगाने फुटलेल्या ढिगातून तो तुकडा कुणी उचलला होता? बाजूला कुणी ठेवला, झुबके मोडू नयेत म्हणून कुणी गुंडाळला? खडी होण्यापासून तो मी वाचवलाच नव्हता. माझ्यापर्यंत येण्याआधीच तो अर्धा ओळखला गेला होता. मी फक्त नाव लावलं, आणि तेही मनातल्या मनात. पैसे मात्र सगळ्या ओळखण्याचे मीच खिशात घातले. मजुरीच काढायची तर दोघांची काढायला हवी होती.

काही महिन्यांनी पुन्हा गेलो. काकांकडे आणखी एक तुकडा होता. या वेळी भिंग त्यांच्या हातात दिलं, नाव सांगितलं, बाहेर काय भाव मिळतो तेही सांगितलं. त्यांनी नाव दोनदा म्हणून पाहिलं, भिंग परत केलं आणि विचारलं,

"म्हणजे मागचा पण हाच होता?"