पारदर्शिका आणि चेहऱ्याचा वर्ण

छायाचित्र खोटे बोलत नाही, असा समज आपल्या समाजात फार रूढ आहे. आणि तरीही उपवर मुलीचे छायाचित्र काढवून घेताना ‘जरा उजळ येऊ द्या’ असे सांगण्यास कोणी संकोचत नाही. निगेटिव्हवरून छापल्या जाणाऱ्या चित्रात ही विनंती सहज पुरवता येते, कारण टिपणे आणि दाखवणे यांच्यामध्ये तेथे छपाईची एक पायरी असते. संगणकाने तर ती पायरी आता अंगणाएवढी रुंद केली आहे. रंगीत पारदर्शिकेत, म्हणजे स्लाइड फिल्ममध्ये, ती पायरीच नाही. कॅमेऱ्यात जी पट्टी प्रकाशाला सामोरी गेली, तीच रसायनांतून निघून चित्र होते. अशी फिल्म आम्ही देखाव्यांवर आणि चेहऱ्यांवर वापरून पाहिली ती कुतूहलाने. पण पाहता पाहता प्रश्न उभा राहिला तो सचोटीचा.

देखाव्यांनी आम्हांस फारसे छळले नाही. १९९० साली आलेली व्हेल्व्हिया ही फिल्म गडद रंगांसाठीच प्रसिद्ध. श्रावणातील भातशेते आणि जांभ्याची तांबडी दरड तिच्यावर डोळ्यांना दिसली त्याहून समृद्ध उतरली, आणि आम्ही खुशाल आनंदलो. शेताची त्याला हरकत नसते! अडचण निराळीच. प्रकाशाचा अंदाज अर्ध्या ‘स्टॉप’हून अधिक चुकलेला या फिल्मला सहसा खपत नाही. मंगेशीचा सातमजली शुभ्र दीपस्तंभ भर दुपारी टिपावा, तर त्याच्या बेताने प्रकाश घेतला की मंडपातील सावली काळीठिक्कर पडते. सावली सांभाळावी, तर स्तंभाच्या जागी कोरी पारदर्शक पट्टी उरते. कोणाला राखायचे आणि कोणाला सोडायचे, हे कळ दाबण्यापूर्वीच ठरवावे लागते.

चेहऱ्याला मात्र हरकत असते. गडद रंगांच्या फिल्मवर गव्हाळ कांती विटकरी दिसू लागते, म्हणून चेहऱ्यांसाठी आम्ही २०१२ साली बंद पडून २०१८ साली पुन्हा आलेली एक्टाक्रोम घेतली; तिचे रंग पुष्कळ संयत. ओळखीच्या घरातील एका आजींना ओसरीच्या सावलीत बसवले, तर चेहऱ्यावर निळसर छटा आली. उन्हासाठी बेतलेल्या फिल्मवर सावलीतील आकाशाची निळाई अशी उतरतेच. आपला डोळा ती नकळत वजा करतो, फिल्म करीत नाही. पडद्यावर स्वतःला पाहून आजी एवढेच म्हणाल्या, ‘ही हांव न्हय.’ पुढील चित्राच्या वेळी भिंगापुढे फिकट तांबूसपिवळी काच लावली, आणि त्यांचा वर्ण त्यांस परत मिळाला.

मग ही काच आणि ती ‘उजळ येऊ द्या’ची विनंती, यांत अंतर ते कोणते? फेरफार दोन्हीकडे आहे. पण काचेने यंत्राचे उणे भरून निघते. त्या विनंतीने उणे माणसाच्या पदरी घातले जाते. आणि पारदर्शिका हाती आहे म्हणून हा दुसरा फेरफार टळतो असेही नाही. अर्धा स्टॉप प्रकाश जास्त दिला की सावळा चेहरा गोरटा होतो. कपाळावर जेथे ऊन पडले होते तेथे पट्टी कोरी राहते, आणि तेथील त्वचा कोणत्याही रसायनाने परत येत नाही. छपाईवाल्यावर ढकलण्याची सोय मात्र येथे नाही.

पुढे त्या आजींच्याच नातीचे छायाचित्र काढण्याचा प्रसंग आला, तेव्हा घरच्यांची विनंती नेहमीचीच होती. आम्ही मीटर मुलीच्या गालाशी धरला आणि त्याने दाखवला तेवढाच प्रकाश दिला.