मूळस्थानाचा पुरावा आणि भूमीवरचा हक्क

'शॉनी' या नावाचा अर्थ दक्षिणेकडचे लोक. इतिहासात ही जमात ठळकपणे भेटते ती मात्र ओहायो नदीच्या खोऱ्यात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इरोक्वाय संघाच्या युद्धांनी ती विखुरली, सव्हाना नदीपर्यंत आणि पेनसिल्व्हेनियापर्यंत गेली, आणि अठराव्या शतकात पुन्हा ओहायोकडे वळली. मग तिचे मूळस्थान कोणते? प्रश्न निव्वळ विद्वत्तेचा वाटतो. पण तसा तो क्वचितच विचारला गेला.

१७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्स तहात ओहायोच्या दक्षिणेचा प्रदेश इंग्रजांना दिला तो इरोक्वाय संघाने. तेथे शिकार करणाऱ्या शॉनींची संमती कोणी घेतली नाही. १८१० मध्ये व्हिन्सेन्स येथे टेकम्सीने गव्हर्नर हॅरिसनपुढे मांडले, की भूमी सर्व जमातींची सामाईक आहे. एखादी जमात ती विकू शकत नाही. हॅरिसनने उत्तरादाखल इतिहास सांगितला: शॉनी पूर्वी जॉर्जियात होते, क्रीकांनी त्यांना तेथून हाकलले, वाबाशकाठची भूमी मायामींची, तेव्हा तिच्या विक्रीत शॉनींनी बोलण्याचे कारण नाही. विस्थापन हाच हक्क नाकारण्याचा पुरावा ठरला. स्वतः हॅरिसन व्हर्जिनियात जन्मलेला, इंग्रज वसाहतकारांचा वंशज. हा निकष त्याने स्वतःला लावल्याचे दिसत नाही.

टेकम्सी १८१३ मध्ये लढाईत पडला. त्याचा भाऊ टेन्स्क्वाटावा याने १८२४ मध्ये आपल्या लोकांच्या परंपरा सांगितल्या आणि ट्रोब्रिजने त्या मिशिगनचा गव्हर्नर लुईस कॅस याच्यासाठी लिहून घेतल्या. ही संहिता छापली गेली १९३९ मध्ये. कॅस १८३१ च्या ऑगस्टमध्ये युद्धमंत्री झाला. त्याच उन्हाळ्यातल्या तहांनी शॉनींच्या ओहायोतील राखीव जमिनी गेल्या आणि १८३२ मध्ये त्यांना कॅन्ससकडे निघावे लागले. कथा टिपून घेणारी आणि भूमी काढून घेणारी यंत्रणा एकच होती, हे ही संहिता वाचताना विसरता येत नाही.

शॉनी परंपरेत पाणी ओलांडून आल्याची कथा आहे. तिला मालकीचा दस्तऐवज मानणे जितके चूक, तितकेच तिच्यावरून शॉनींना उपरे ठरवणेही. भूमीशी आपले नाते कोणी जोडून दिले, हे अशी कथा सांगते. आधी कोण आले, हा प्रश्न बहुधा खरेदीदाराचा असतो.

आज ओक्लाहोमात शॉनींच्या तीन शासनमान्य जमाती आहेत. त्यांपैकी 'शॉनी ट्राइब'ला स्वतंत्र मान्यता देणारा कायदा २००० मध्ये झाला. तोवर, १८६९ च्या करारापासून, तिची गणना चेरोकी राष्ट्रात होत असे.