हवाला आणि दंड

हवालदार म्हणजे ज्याच्या हवाली काही केलेले आहे तो. अरबी ‘हवाला’ला फारसी ‘दार’ जोडून झालेला हा शब्द मराठीत शिवकाळाच्या आधीपासून रुळलेला आहे. ‘हवाली करणे’ हे त्याच घराण्यातले क्रियापद तर रोजच्या बोलण्यातले. माणसे, घोडी, किल्ल्याच्या किल्ल्या, दारूगोळा असे काही ना काही ज्याच्या स्वाधीन असते आणि ज्याला त्याचा जाब द्यावा लागतो, त्याला हवालदार म्हणायचे. शिक्षा करणारा, हा अर्थ या शब्दात मुळीच नाही.

तो अर्थ आज बाहेरून चिकटवला जात आहे. सैन्य आणि पोलिस भरतीची तयारी करणारी मुले बीड जिल्ह्यात गावोगाव आहेत. नेकनूरच्या बाजूला मांजरसुंबा–केज रस्त्याच्या कडेनेही पहाटे धावण्याचा सराव करणारे घोळके दिसतात. अशा तयारीच्या वर्गांतून पट्ट्याने मारणे, उन्हात तासन्‌तास कोंबडा करून ठेवणे, आईबापांवरून शिव्या देणे असे प्रकार घडतात, आणि वर सांगितले जाते की फौजेत हवालदार हेच करतो. हे विधान कायद्याच्या दृष्टीने खोटे आहे. इतिहासाच्या दृष्टीने तर ते अधिकच खोटे आहे.

शिवाजी महाराजांच्या सैन्याची उतरंड वाचकांना ठाऊक आहे. पायदळात नऊ-दहा पाइकांवर नायक, पाच नायकांवर हवालदार, त्यावर जुमलेदार आणि हजारी. घोडदळात पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, आणि त्या पंचवीस घोड्यांसाठी एक पखालजी व एक नालबंद. सभासदाच्या बखरीतली ही रचना पाठ असणाऱ्यांच्याही एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. जुमलेदारापासून वर प्रत्येक अंमलदाराशेजारी सबनीस किंवा मजुमदार, म्हणजे लिहिणारा माणूस बसवलेला आहे. किल्ल्यावरही हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे मिळून कारभार पाहतात. हुकूम एकाचा आणि नोंद दुसऱ्याची, ही सोय मुद्दाम केलेली दिसते.

मे १६७३ मध्ये चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना गेलेले महाराजांचे पत्र रयतेला त्रास न देण्याच्या ताकिदीसाठी प्रसिद्ध आहे. त्यातला काळजीचा सूर मात्र फारसा वाचला जात नाही. पावसाळ्यापुरती वैरण जपून वापरा, नाहीतर घोडी उपाशी मरतील आणि लोक कुणब्यांच्या घरात शिरतील. गवताजवळ आगट्या पेटवू नका. रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजी जळतील. कनिष्ठ अंमलदाराने कशावर नजर ठेवायची, याची ही यादी आहे. माणसे बिघडली तर बोल या अंमलदारांवरच येणार होता.

कनिष्ठाच्या हाती खरी जरब होती ती शिलेदारी पद्धतीत. घोडे शिलेदाराचे, त्यावर बसणारा बारगीर त्याच्या अन्नावरचा. मग शिक्षेला कलम कशाला हवे? घोड्यावरून उतरवले की पोट थांबले. निजामाच्या राज्यातल्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंटचे रिसाले याच पद्धतीने उभे होते, आणि त्यांची एक छावणी १९०३ पर्यंत मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, नेकनूरवरून पुढे जाणाऱ्या याच वाटेवर होती. ‘फौजी जरब’ म्हणून मराठवाड्याच्या आठवणीत जे उरले आहे, त्याचा बराचसा भाग असा मालक-चाकराच्या नात्यातून आलेला असावा. पहिल्या महायुद्धानंतर शिलेदारी मोडली आणि ते नातेही संपले.

सर्वांत जास्त चुकीचे वाचले जाते ते यापुढचे वळण. सर्वसाधारण समज असा की पूर्वी हवालदाराच्या हातात चाबूक होता, कायद्याने तो काढून घेतला आणि तेव्हापासून शिस्त ढिली पडली. पण चाबूक हवालदाराचा कधीच नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत फटक्यांची शिक्षा कोर्टमार्शलच्या निकालाने होई. देशी शिपायासाठी बसणाऱ्या त्या कोर्टात सुभेदार आणि जमादार असत. १८५७ मध्ये मंगल पांडे यांचा खटला देशी अधिकाऱ्यांच्याच कोर्टापुढे चालला. हे कोर्ट निष्पक्ष होते असा याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच की त्या क्रूर काळातही शिक्षा एकट्याच्या रागावर सोडलेली नव्हती. गव्हर्नर जनरल बेंटिंकने १८३५ मध्ये फटके बंद केले, पुढे त्याच पदावरच्या हार्डिंजने १८४५ मध्ये पुन्हा आणले, १९२० मध्ये ते कायमचे गेले. या साऱ्या उलथापालथीत नायक-हवालदाराच्या हातून काहीच गेले नाही, कारण ते त्याच्या हातात नव्हतेच.

उलट त्याला जे मिळाले ते फार मोलाचे होते. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार सुभेदार झाले, हवालदार झाले. गावात ज्याची सावली टाळली जाई त्याचा हुकूम पलटणीत वरच्या जातीच्या शिपायाला पाळावा लागे. तो हुकूम मनगटाच्या जोरावर चालला असता तर पहिल्याच दिवशी मोडला असता, कारण गावचे सगळे बळ समोरच्या शिपायाच्या बाजूला होते. तो चालला, कारण त्यामागे फीत, रजिस्टर आणि वरची साखळी उभी होती. १८९० च्या दशकात महारांची भरती थांबली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला, तेव्हा पगाराबरोबर हा दर्जाही हातून जात होता. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत तो नीट परत मिळाला नाही.

१९५० च्या सैन्य कायद्यात हुकूम एकाकडे आणि शिक्षा दुसऱ्याकडे ही विभागणी स्पष्ट शब्दांत आहे. ‘वरिष्ठ अधिकारी’ या संज्ञेत नायक आणि हवालदारही येतात, म्हणून कलम ४१ प्रमाणे त्यांचा कायदेशीर हुकूम मोडणे हा गुन्हा ठरतो. ते जवानाला लष्करी कोठडीत ठेवण्याचा हुकूमही देऊ शकतात. ‘हवाला’ इथे शब्दशः उरला आहे. शिक्षा मात्र कलम ८० खाली कमांडिंग ऑफिसर, किंवा केंद्र सरकारच्या संमतीने नेमून दिलेला दुसरा अधिकारीच देतो: जास्तीत जास्त २८ दिवसांची कैद, लाइनबंदी, जादा पहारे, १४ दिवसांच्या पगाराइतका दंड. आणि हाताखालच्या माणसाला मारणाऱ्या किंवा छळणाऱ्या कुणालाही, मग तो ऑफिसर असो की नायक, कलम ४७ खाली ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

जवानावरच्या आरोपाची सुनावणी होते त्या ऑर्डरली रूममध्ये हे डोळ्यांनी दिसते. जवानाची टोपी आणि पट्टा बाहेर काढून ठेवलेला. कदम जुळवत त्याला टेबलासमोर आणले जाते, आरोप वाचला जातो. ज्या हवालदाराने त्याला पकडले तो बाजूला उभा असतो, साक्षीदार म्हणून. १९५४ च्या सैन्य नियमांतील नियम २२ प्रमाणे आरोपी जवान त्याची उलटतपासणी करू शकतो. कालपर्यंत ज्याच्या एका आवाजावर अख्खी बराक उठत होती, त्याला इथे आपण काय पाहिले ते सांगावे लागते, आणि खोटे सांगितले तर ते उघडे पडू शकते. उद्या सकाळी पुन्हा त्याच्याच हुकमावर तोच जवान फॉल-इन होतो. हवालदाराचा अधिकार कमी झाल्याचे लक्षण यात शोधणाऱ्यांनी हा दुसरा दिवस पाहिलेला नसतो.

रगडा राहतो. पाठीवर पिट्टू (सामानाची पिशवी) लादून पळवणे, फ्रंट रोल मारायला लावणे हे कवायतीच्या मैदानावर चालते, आणि कायद्यापेक्षा वहिवाटीवर चालते. ते कुठवर चालावे याची एक उपयोगी कसोटी अमेरिकी सैन्याच्या नियमांत आहे: सुधारणेसाठी लावलेला जादा सराव चुकीशी जोडलेला हवा. रायफल मळलेली असेल तर ती पुन्हा साफ करून घेणे यात बसते. गालावर मारणे बसत नाही. चांगला उस्ताद ही रेघ न वाचताही पाळतो. तो स्वतः पोरांच्या पुढे धावतो, आणि कुणाचा पाय सुजला आहे हे त्याला आधी कळते.

भरतीच्या वर्गात यातले काहीच नसते. तिथे सबनीस नाही, रजिस्टर नाही, वर दाद मागायला कमांडिंग ऑफिसर नाही. जवानाला अन्यायाविरुद्ध वर तक्रार नेण्याचा कलम २६ चा हक्क आहे. फी भरून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला तो नाही, कारण सैन्य कायदा त्याला लागूच होत नाही. त्याला लागू होते ती १ जुलै २०२४ पासून अमलात आलेली भारतीय न्याय संहिता. तिच्या कलम ११५ प्रमाणे जाणूनबुजून दुखापत करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मार खाल्लेल्या मुलाची तक्रार नेकनूरच्या पोलिस ठाण्यात देता येते, आणि तिथे ती ऐकून घेणारा बहुधा हवालदारच असतो.