गजर की मौन?

ईश्वर वाद्याच्या गजरात लाभतो, की मौनात? सज्जनहो, ही शंका आपल्याच देशात निघते असे नव्हे. तुर्कस्तान, इराण, इराक व सीरिया या चार देशांत विभागलेल्या कुर्द लोकांतही ती आहे. त्यांतले बहुतेक मुसलमान असून सूफी मार्ग तेथे चांगले रुजले आहेत.

कादिरी मार्गाचे लोक बगदादचे अब्दुल कादिर गिलानी (निधन इ. स. ११६६) यांस आद्यगुरू मानतात. इराणातील सनंदज शहरी त्यांच्या खानकाहांत, म्हणजे मठांत, दफ वाजतो. आपल्या शाहिरांच्या डफाचे नाव त्याच शब्दाचे. लाकडी घेरावर बकऱ्याचे कातडे ताणलेले, घेराच्या आतून धातूच्या कड्या. हात हलला की कड्या कातड्यावर आदळून खळखळतात. साधक आधी बसून, मग गोलाकार उभे राहून नाम घेतात. यास ते झिक्र, म्हणजे स्मरण, म्हणतात. लय चढते, अंगे डोलतात, लांब केस मोकळे सुटतात.

आता पूर्वपक्ष ऐका. सुलेमानिया भागातले मौलाना खालिद हे कुर्दच. ते आपल्या दिल्लीस आले, शाह गुलाम अली यांच्याकडून नक्शबंदी मार्गाची दीक्षा घेऊन १८११ साली परतले. त्या मार्गात स्मरण मनातल्या मनात. दफ नाही, आवाजही नाही. पुढे सुलेमानियात कादिरी शेखांशी त्यांचे वैर आले. त्यात अधिकाराचाही प्रश्न होता. पण मौनाचा मार्ग कुर्दांत पसरला खरा.

मग खरे कोणाचे? आम्हांस वाटते, दफ ही डोंगर चढणाराची काठी आहे. ज्यास काठीवाचून चढता येते त्याने खुशाल चढावे. दुसऱ्याची मात्र हिसकावू नये. आणि काठीवरचे नक्षीकाम पाहत जो पायथ्याशीच बसला, त्याला काठी असून काय उपयोग?

विसाव्या शतकात दफ खानकाहाबाहेर पडला. सनंदजच्या बीझन कामकार यांनी तो इराणी मैफलीत प्रतिष्ठेस आणला. आज मुलीबाळीही तो शिकतात. यात वाद्य बाटले काय? नाही हो! कातड्याला पाप ना पुण्य. मैफलीत बसून एखादा स्मरण करील, आणि खानकाहात उभा राहून एखादा वाहवा शोधील.

हे आम्ही दुसऱ्यास शिकवायला सांगत नाही. कीर्तनात उभे असता आमचाही कान नाम सोडून श्रोत्यांच्या वाहवेकडे कितीदा गेला, ते आमचे आम्हांस ठाऊक. तेव्हा दोष मृदंगाचा नव्हता, आमचा होता.

म्हणून सिद्धान्त एवढाच: वाजवणाराने आणि ऐकणाराने, वाद्य थांबल्यावर क्षणभर आत पाहावे. स्मरण चालू असेल तर गजर सार्थ झाला. नसेल, तर मौन धरूनही तेवढ्याने काही साधणार नाही.