नळी जिथे थांबते

सकाळ आहे. इंजिन रात्रभर गार झालं आहे.

बुलेट मेन स्टँडवर उभी आहे. जुनी, कास्ट आयर्नची, साडेतीनशे. मागचं चाक जमिनीपासून सुटलेलं.

तिच्या शेजारी बसा. मांडी घालून बसता आलं तर फार बरं.

चावी काढून खिशात ठेवा. पेट्रोलचा कॉक बंद करा. आज कुठे जायचं नाही.

सिलिंडरच्या फिन्सवर तळहात ठेवा. लोखंडाचा गारवा हाताला लागू द्या.

थांबा.

या लोखंडाच्या आत पिस्टन आहे. ७० मिलिमीटर रुंद सिलिंडरात तो ९० मिलिमीटरची एकच वाट चालतो. वर, खाली. पुन्हा वर.

त्या वाटेचं वरचं टोक आपल्याला शोधायचं आहे. पुस्तकात त्याला टीडीसी म्हणतात. गॅरेजमध्ये नुसतं टॉप.

प्लगभोवतीची धूळ हळूच फुंकून टाका. कचरा आत पडायला नको. आता प्लगपाना लावा आणि प्लग सोडवा.

गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका. मागच्या चाकावर हात ठेवा.

प्लगच्या भोकावर बोट धरा. दुसऱ्या हाताने चाक पुढे ढकला. सावकाश.

बोटाखाली काय होतं?

आधी काहीच नाही. मग बोटाचं कातडं किंचित आत ओढलं जातं. इंजिन हवा घेत आहे.

चाक आणखी थोडं पुढे.

आता हवा बोटाला ढकलते. आतून वर येणारा पिस्टन बोटाला कळतो आहे. फस्स करून हवा निसटते.

पुन्हा एकदा करा. पुन्हा एकदा अनुभवा.

फोर स्ट्रोक इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा एक फेरा पुरा होतो. म्हणजे पिस्टन टॉपला दोनदा येतो. एकदा जळालेला वायू बाहेर लोटत येतो, तेव्हा एक व्हॉल्व्ह मिटत असतो आणि दुसरा उघडू लागलेला असतो. एकदा हवा दाबत येतो, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना.

आपल्याला तो दुसरा टॉप हवा आहे. बोटाला ढकलणारा.

बोट काढा. शहाळ्याबरोबर मिळायची तशी प्लास्टिकची लांब नळी घ्या आणि भोकातून आत सोडा. लोखंडी सळई नको. बुलेटचा प्लग तिरका बसतो, वर येताना सळई अडकते.

नळी दोन बोटांत अलगद धरा. इतकी अलगद, की ती तुम्हाला हलवेल, तुम्ही तिला नाही.

चाक पुढे. जरासं.

नळी वर येते.

आणखी जरासं.

नळी वर येते, पण आधीपेक्षा सावकाश.

आणखी.

आता चाक हलतं आहे. नळी हलत नाही.

इथे थांबा.

श्वास येऊ द्या, जाऊ द्या. नळीकडे पाहत राहा.

नागपंचमीचा झोका अगदी वर जातो, तेव्हा दोर क्षणभर हलके होतात. पोटात काहीतरी सुटतं. ती जागा आठवा. पिस्टन आता त्या जागी आहे.

आणखी चाक फिरवा. नळी अजून तिथेच. आणि मग, कधी ते नीट सांगता येत नाही, ती खाली निघालेली असते.

मागे या. पुन्हा पुढे जा. नळी चढते, थांबते, उतरते.

नेमकी कुठे थांबली?

मी कितीदा ही नळी धरली आहे. दर वेळी वाटतं, आज कळेल. आणि दर वेळी त्या शांत जागेत मी हरवतो.

कारण ती जागा रुंद आहे. टॉपच्या आधीच्या दहा अंशांत पिस्टन एक मिलिमीटरही चढत नाही. टॉपनंतरच्या दहा अंशांत एक मिलिमीटरही उतरत नाही. क्रँक फिरत असतो, पण त्याचं फिरणं जवळजवळ सगळं आडवं जातं.

आणि या पॉइंटवाल्या बुलेटची ठिणगी पडायला हवी टॉपच्या ०.८ मिलिमीटर आधी. ह्याच स्तब्धतेच्या उंबरठ्यावर. टॉप अंदाजाने धरला, तर ठिणगीही अंदाजाचीच.

म्हणून घाई नको. नळी बाहेर काढा.

डावीकडचं प्रायमरी कव्हर काढलेलं आहे, ऑईल भांड्यात निथळलं आहे. क्रँकच्या टोकाला अंशांची चकती लावा. शेजारी तारेचा काटा. नळीने दाखवलेल्या टॉपवर शून्य ठेवा. तो कच्चा शून्य आहे, असू द्या.

पिस्टन खाली न्या. आता प्लगच्या जागी स्टॉप बसवा. जुन्या प्लगमधली पोर्सिलीन काढून टाकलेली, तिच्या जागी आत डोकावणारा बोल्ट.

चाक पुढे. हलक्या हाताने.

पिस्टन बोल्टला टेकतो. ऐका. अगदी लहान आवाज आहे.

चकती पाहा. शून्याच्या ३२ अंश आधी. खडूने खूण करा.

आता चाक मागे. पिस्टन खाली जातो, दुसऱ्या बाजूने वर येतो.

पुन्हा तो लहान आवाज.

शून्यानंतर २८ अंश. खूण करा.

दोन खुणा. दोन्हीकडे पिस्टन चालत होता, आणि चालता चालता अडला. म्हणून दोन्ही जागा स्वच्छ कळल्या.

दोन्हींमधलं अंतर ६० अंश. निम्मे ३०. टॉप तुमच्या शून्याच्या दोन अंश आधी आहे.

ज्या जागेकडे आपण इतका वेळ टक लावून होतो, तिथे या वेळी पिस्टन गेलासुद्धा नाही.

थोडा वेळ त्या दोन खडूच्या रेघांकडे पाहा. मग त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे.

चकती दोन अंश सरकवा. स्टॉप काढा. पुन्हा भोकावर बोट ठेवा आणि चाक पुढे घ्या. ओढ. मग ढकल. काटा शून्यावर येतो.

थांबा.

उजवीकडे, सिलिंडरच्या बाजूला, टॅपेटचं झाकण आहे. एकच नट. सोडवा.

आत व्हॉल्व्ह उघडणारे दोन पुशरॉड शेजारी शेजारी उभे आहेत. त्यांवर ऑईलचा पातळ थर.

एक पुशरॉड अंगठा आणि बोट यांत धरा. फिरवा. तो फिरतो, पण वरखाली हलत नाही.

दुसरा धरा. फिरवा.

तोही फिरतो.