हिरवी तार

मंडपाच्या मागच्या बांबूला सुतळीनं बांधलेला लाकडी बोर्ड. त्यातल्या सॉकेटमध्ये थेट खुपसलेल्या दोन सोललेल्या तारा, आणि त्या निसटू नयेत म्हणून वरून दाबून बसवलेल्या काडेपेटीच्या दोन काड्या. वरचं तिसरं, मोठं भोक रिकामं. त्यात जायची ती अर्थिंगची हिरवी तार बोर्डाशेजारी वेटोळं होऊन निवांत लोंबत असते. गेली २२ वर्षं मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. गणपती, नवरात्र, गावोगावच्या जत्रा, एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस, अशा सुपाऱ्या घेत सातारा, सांगली, कोल्हापूरचा पट्टा पालथा घातला. हा बोर्ड मला इतक्या गावांत भेटला की तो आमच्याच टेम्पोतून फिरतो की काय अशी शंका यावी.

हिरवी तार नसली म्हणून काहीच अडत नाही, हीच खरी गोम आहे. फेज आणि न्यूट्रल मिळाले की मिक्सर लागतो, कीबोर्डवर दिवे येतात, निवेदक ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणतो आणि कार्यक्रम सुरू होतो. मग दुसऱ्या-तिसऱ्या गाण्याला आमच्या गायिका ताई मागे वळून खूण करतात, की माइक चावतोय. ओठ जाळीला लागले की मुंगी डसल्यासारखं होतं. यावर स्टेजवरचे उपाय ठरलेले. माइकला रुमाल गुंडाळायचा, पायाखाली लाकडी फळी सरकवायची, नाहीतर साउंडवाला ओरडतो, ‘पिन उलटी करून लाव रे!’ पिन उलटी केल्यावर कधी कधी चावणं थांबतंही, आणि सगळे खूश. मीही असायचो.

हे चावणं येतं कुठून, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. माइकच्या केबलवरची तारेची जाळी मिक्सरच्या पत्र्याशी जोडलेली असते. म्हणजे ताईंच्या ओठाशी असलेली माइकची जाळी आणि कोपऱ्यातला मिक्सरचा डबा, विजेच्या हिशेबात एकच. गिटारच्या तारा तशाच ॲम्प्लिफायरच्या बॉडीला जोडलेल्या. गिटार वाजवत माइकवर गाणारा माणूस म्हणजे दोन डब्यांना जोडणारी जिवंत वायर. त्यातून हल्लीच्या बहुतेक यंत्रांच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टर असतो. अर्थिंग तुटलेलं असेल तर हा फिल्टर यंत्राच्या बॉडीवर २३० च्या साधारण निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास आणून ठेवतो. करंट अगदी किरकोळ, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण त्या झिणझिण्यांची सवय होते ना, ती वाईट. उद्या आतली वायर खरोखरच सोलवटून पत्र्याला टेकली, तरी आपण रुमालच शोधणार.

रिचर्ड्स आणि हार्वे ही दोन नावं आमच्या लाइनीतल्या प्रत्येकाला माहीत असायला हवीत. डिसेंबर १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सची गिटार माइकच्या स्टँडला लागली आणि तो स्टेजवरच बेशुद्ध पडला. तो वाचला, पायातल्या रबरी तळव्याच्या बुटांनी वाचवलं असं सांगतात. मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे याचा हात अर्थिंग नसलेल्या माइकला लागला. तो वाचला नाही. दोघंही नामांकित बँडमधले होते, मंडपामागच्या काड्यांवर चालणारे नव्हते.

आता माझी स्वतःची गोष्ट. सुरुवातीच्या काळात एका मोठ्या मंडळाच्या कार्यक्रमात माझ्या कीबोर्डच्या ॲम्प्लिफायरमधून सारखी घरघर येत होती. मिक्सरचा सप्लाय एका खांबावरून, माझा दुसऱ्याच घरातून. दोन ठिकाणची दोन अर्थिंगं, आवाजाच्या केबलीनं जोडून तयार झालेलं त्यांचं एक मोठं कडं, आणि त्या कड्यातून फिरणारी पन्नास हर्ट्झची घरघर. आज हे सांगता येतं; तेव्हा एवढंच कळत होतं की प्लगची वरची पिन काढली की आवाज स्वच्छ होतो. मी पक्कड घेतली आणि पिन मोडून टाकली. घरघर गायब. साउंडवाल्यानं अंगठा दाखवला. तो मोडका प्लग घेऊन मी पुढे दोन सीझन वाजवलं, त्यात भर पावसातले कार्यक्रम होते आणि शेजारी उभ्या असलेल्या ताई होत्या.

घरघर हजार लोकांना ऐकू येते, अर्थिंग गेलेलं कुणालाच ऐकू येत नाही. म्हणून आम्ही ऐकू येणारा दोष दुरुस्त करतो आणि त्यासाठी दुसरा विकत घेतो. अर्थिंगची ती पिन बाकीच्या दोन पिनांपेक्षा लांब असते ती उगाच नाही: प्लग लावताना ती सगळ्यात आधी टेकावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. घरघरीवर सरळ उपाय आहे. स्टेजवरची सगळी वाद्यं आणि मिक्सर यांचा सप्लाय एकाच ठिकाणाहून घ्यायचा. तरीही आवाज राहिला तर वाद्य आणि मिक्सरच्या मधल्या डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबायचं. ते आवाजाच्या केबलीतली जोडणी तोडतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही.

जनरेटरची तऱ्हा आणखी निराळी. एका जत्रेत थ्री फेज जनरेटरवर कार्यक्रम होता. एका फेजवर हॅलोजन, दुसऱ्यावर आम्ही. संथ प्रेमगीत चालू असताना हॅलोजन हळूहळू तांबूस होत गेले. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या, त्यांना वाटलं लाइटवाल्यानं गाण्यासाठी माहोल केला. माझ्या ॲडॅप्टरमधून धूर आला तेव्हा आम्हाला कळलं की जनरेटरच्या न्यूट्रलचा नट थरथरून सैल झालाय. न्यूट्रल सुटला की दोन फेजवरची यंत्रं एकामागे एक लागून ४१५ व्होल्ट आपसात वाटून घेतात, आणि ज्या बाजूला लोड कमी तिच्या वाट्याला जास्त येतात. हॅलोजनचा लोड दांडगा, आमचा चिमूटभर. कीबोर्ड, मिक्सर आणि ऑक्टोपॅडचा ॲडॅप्टर एका गाण्यात गेले. नुकसानभरपाईचं विचाराल तर मंडळानं नारळ आणि टॉवेल दिला.

तेव्हापासून आमच्याबरोबर एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांचा हिशेब तो सतत जुळवतो. तफावत तेवढी झाली की खटकन सप्लाय तोडतो. तीस मिलीअँपिअर म्हणजे किती? घरातला नऊ वॉटचा एलईडी बल्बसुद्धा त्याहून जास्त घेतो. स्टेजवरचं सगळं या पेटीतूनच लागतं. पण पेटी आणली म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही हातांत धरले तर तिला काहीच कळत नाही. जनरेटर टेम्पोवर, टेम्पो रबरी चाकांवर, आणि न्यूट्रल जमिनीला कुठेच जोडलेला नाही, अशा वेळीही ती गप्प राहू शकते. म्हणून वायरमनकडून जमिनीत रॉड ठोकून घ्यायचा, न्यूट्रल आणि जनरेटरची बॉडी त्याला बांधायची, बादलीभर पाणी ओतायचं. मग फेज आणि अर्थिंगमध्ये टेस्ट लॅम्प लावून बघायचा, आमच्या पेटीच्या अलीकडे, नाहीतर आरसीसीबी लगेच पडतो. बल्ब मिणमिणला तर अर्थिंग नावापुरतं. काळ्या मातीत काम पटकन होतं. कोकणात जांभ्याच्या सड्यावर वायरमनचा घाम निघतो.

पावसात केबलीच्या जोडावर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची फार हौस असते. पिशवीत पाणी साठतं आणि जोड त्यातच बुडून राहतो. जोड जमिनीवर नकोच, बांबूला उंच टांगा. केबलचं वेटोळंही पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल लोडवर तापते.

हे सगळं करायला तास जातो आणि तो तास कुणालाच द्यायचा नसतो. ‘इतकी वर्षं कुणाला काय झालंय का?’ असं अध्यक्ष विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. बहुतेकदा खरंच काही होत नाही. वाद न घालता मी हल्ली सुपारी घेतानाच फोनवर सांगतो, की आमची पेटी लागल्याशिवाय वाद्यं बाहेर निघणार नाहीत. दोन-तीन सुपाऱ्या हातच्या गेल्या. बाकीच्यांनी कुरकुरत का होईना मान्य केलं.

यंदा कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळांना एवढंच सांगणं आहे. आकडा टाकू नका, महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन घ्या, ते मिळतं. आणि वायरमनला रात्री आठला बोलावू नका, संध्याकाळी पाचला बोलवा. उजेड असतो, आणि त्याला जेवायची घाई नसते.