पाहूनही उगा राहिलेला पहारेकरी
शास्त्रपाठ : यहेज्केल ३३:१-९



ह्या अध्यायात प्रभू पहारेकऱ्याचा दाखला देतो. तरवार येताना पाहूनही जो कर्णा वाजवीत नाही, त्याच्या माथी मेलेल्यांच्या रक्ताचा दोष येतो. तो झोपला म्हणून नव्हे, तर पाहून उगा राहिला म्हणून.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी मोठ्या राष्ट्रांचे असेच झाले. १९३१ साली जपानने मांचुरियावर हात टाकला. पूर्वी बंगालचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लिटन यांच्या मंडळाने चौकशी करून जपानचे करणे रास्त ठरविले नाही. तेव्हा १९३३ साली जपान राष्ट्रसंघ सोडून निघाला, आणि कोणत्याही सत्तेने त्यास अडविले नाही. १९३५ साली इटलीने अबिसीनियावर स्वारी केली. संघाने इटलीशी काही व्यापार बंद केला. परंतु तेल बंद केले नाही, आणि सुवेझचा कालवाही तिच्या जहाजांस खुला राहिला. १९३८ च्या सप्टेंबरात म्यूनिक येथे ब्रिटन व फ्रान्स यांनी चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रांत हिटलरला देऊ केला. ज्यांचा प्रांत, त्यांस त्या बैठकीत जागाही नव्हती. सहा महिन्यांच्या आत प्राग गेले. १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवर तरवार पडली.

असे का झाले? १९१४-१८ च्या युद्धात लक्षावधी तरुण पडले होते, मंदीने लोक गांजले होते, आणि राष्ट्रांचा एकमेकांवर भरवसा नव्हता. ही कारणे खोटी नव्हेत. परंतु प्रत्येकाने शेजाऱ्याच्या हानीपेक्षा आपली हानी मोठी मोजली, आणि शेवटी दोन्ही सोसल्या.

पिंप्राळ्याच्या शिवारात हे कोणास परके वाटणार नाही. बळकट माणूस विधवेच्या शेताचा बांध दर पेरणीस वीतभर कोरतो. पंचांस ते दिसते. पण कोणास त्याच्या विहिरीचे पाणी हवे, कोणास त्याचे बैल. पहिल्या वर्षी एका शब्दाने जे थांबते, ते पाचव्या वर्षी काठ्यांनीही थांबत नाही.

त्याच १९३८ च्या सप्टेंबरात ह्या देशातून पाच डॉक्टर चीनच्या जखमी लोकांच्या सेवेस निघाले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. ते १९४२ साली तेथेच वारले. युद्ध थांबविणे त्यांच्या हाती नव्हते, तरी जखमी शेजाऱ्यास टाळून ते दुसऱ्या बाजूने गेले नाहीत. ज्यांच्या हाती थांबविणे होते, त्यांस हे लाजविते.

तर बंधूंनो, आम्हांस राज्ये राखावयाची नाहीत. पण शेजाऱ्याचा बांध आमच्या डोळ्यांसमोर आहे. पहिली वीत कोरली जाते तेव्हाच, प्रीतीने पण स्पष्टपणे, आम्ही बोलावे. प्रभू आम्हांस ते धैर्य देवो. आमेन.